बाबा, वन्स मोअर!

फिजिओ म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर एकच सीन येतो. बॅट्समन पोटरी धरून पिचवर बसलाय आणि ड्रेसिंग रूममधून एक गोरा माणूस बॅग आणि स्प्रे घेऊन पळत येतोय. आधी अँड्र्यू लिपस, मग जॉन ग्लॉस्टर. दोन मिनिटं काहीतरी फुसफुस केलं की गडी परत उभा! पुढे नोकरीला लागल्यावर आपल्याला दुसरा फिजिओ भेटतो, मान आखडल्यावरचा. बारा तास लॅपटॉपवर वाकून बसायचं, आठ दिवस शेक घ्यायचा, 'पोश्चर सुधारा' हा सल्ला ऐकायचा आणि सोमवारपासून पुन्हा तसंच वाकायचं.

तिसराही एक फिजिओ असतो. न्यूरो फिजिओ. त्याच्या पेशंटचं हाड मोडलेलं नसतं, स्नायू फाटलेला नसतो. हात जागच्या जागी असतो, धडधाकट दिसतो. फक्त डोक्याकडून निघालेला निरोप त्या हाताला पोचत नसतो. या तिसऱ्या प्रकाराशी माझी ओळख गेल्या पावसाळ्यात झाली, बाबांमुळे.

बाबा ५९ वर्षांचे, बँकेत. रिटायरमेंटला जेमतेम दहा महिने. बीपीची गोळी 'आज राहिली' या कॅटेगरीतली. एके दिवशी सकाळी उजव्या हातातून कप सुटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि शब्द बोबडे झाले. साडेचार तासांच्या आत हॉस्पिटल गाठलं तर मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. आम्ही वेळेत पोचलो, इंजेक्शन मिळालं, जीव वाचला. या भागावर मी फार लिहिणार नाही. हॉस्पिटलात सगळे येतात, शहाळी घेऊन येतात, अख्खा व्हॉट्सअॅप ग्रुप जागा असतो. नवव्या दिवशी डिस्चार्ज मिळतो, गर्दी ओसरते आणि घरात तीन माणसं उरतात. त्यातल्या एकाचा उजवा हात मांडीवर ठेवलेल्या पार्सलसारखा पडलेला असतो. इथून पुढचं कोणी सांगत नाही.

म्हणजे सांगतात. भरपूर सांगतात! आपल्याकडे स्ट्रोकला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. शब्द मोठा छान आहे, पण एकदा वारं म्हटलं की उपायही त्याच दिशेने निघतात. तेल चोळा. शेक द्या. गार पाणी लावू नका. गावाकडच्या एका काकांनी तर कबुतराच्या रक्ताची शिफारस केली, तीही फोनवर, अगदी गंभीरपणे. तेलाने बरं वाटतं, त्यात वाद नाही. आईलाही बरं वाटायचं, काहीतरी करतोय म्हणून. पण बिघाड झाला होता बाबांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला. शरीराच्या उजव्या बाजूचा कारभार तिकडून चालतो. तेल तिथपर्यंत पोचत नाही.

घरी येणारी फिजिओ माझ्याच वयाची निघाली. पाठीवर सॅक, स्कूटीवरून आलेली, घामाघूम. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, ही पोरगी मला चालवणार? तिने आधी व्यायाम सुरूच केला नाही. खुर्ची ओढून समोर बसली आणि विचारलं, "काका, तुम्हाला काय करायचंय?"

बाबांना तेव्हा शब्द जुळवायला वेळ लागायचा. बऱ्याच वेळाने दोन बाहेर पडले.

"खाली. चहा."

आम्ही कोथरूडात दुसऱ्या मजल्यावर राहतो. जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, ३६ पायऱ्या. कोपऱ्यावर अमृततुल्य आहे आणि रोज संध्याकाळी तिथे उभं राहून चहा पिणं हा बाबांचा वीसेक वर्षांचा कार्यक्रम. तिने फाइलमध्ये 'ध्येय' असं लिहून पुढे तेच लिहिलं. मला वाटलं गंमत करतेय. पण ऑफिसमधल्या अप्रेझलच्या फॉर्मपेक्षा ते कितीतरी प्रामाणिक ध्येय होतं. पुढचे सगळे व्यायाम त्यातूनच निघाले. खाली जायचं म्हणजे आधी पलंगाच्या कडेला बसता आलं पाहिजे. मग उठता. मग उजव्या पायावर वजन घेता. मग गुडघा लटपटू न देता एक पायरी. चहा प्यायचा म्हणजे कप धरता आला पाहिजे, आणि तोंडापर्यंत न्यायच्या आत सांडला नाही पाहिजे.

पहिल्याच आठवड्यात तिचं आणि आईचं वाजलं. आई बाबांना भरवायची. शर्टाची बटणं लावायची, केस विंचरायची, पाण्याचा ग्लास तोंडाला लावायची. फिजिओ म्हणाली, "काकू, भरवू नका. डाव्या हाताने जेवू देत, आणि उजवा हात टेबलावर ताटाजवळ ठेवायचा. त्याला कळू दे जेवण चाललंय." आई काही बोलली नाही, स्वयंपाकघरात जाऊन रडली. "ह्यांना सांडताना बघायचं का नुसतं?" तर हो, बघायचं. आमच्या घरातल्या आजवरच्या सगळ्या ट्रेनिंगमध्ये हे सगळ्यात अवघड होतं, आणि ते बाबांना नव्हतं, आईला होतं.

यामागे एक अमेरिकन गोष्ट आहे, ती थोडी कडवट आहे. एडवर्ड टाउब नावाच्या मानसशास्त्रज्ञाने माकडांच्या एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या. माकडांनी तो हात वापरणं सोडलं. मग त्याने चांगला हात बांधून ठेवला, तर माकडं बधिर हात वापरायला लागली! म्हणजे हात निकामी झालेला नव्हता, 'हा चालत नाही' एवढंच मेंदू शिकून बसला होता. १९८१ मध्ये सिल्व्हर स्प्रिंग गावातल्या त्याच्या लॅबवर प्राण्यांच्या छळाच्या तक्रारीवरून पोलिसांची धाड पडली, प्रकरण कोर्टात गेलं आणि प्राणिहक्काच्या चळवळीत ते आजही गाजतंय. त्या माकडांचे फोटो पाहिले तर जेवण जात नाही. पण त्यातूनच पुढे माणसांसाठी एक उपचार तयार झाला. चांगल्या हातावर जाडजूड मोजा चढवायचा, तोही जागेपणी जवळजवळ पूर्ण वेळ, आणि दोन आठवडे दुबळ्या हाताकडून सपाटून काम करून घ्यायचं. २००६ साली २२२ पेशंट्सवर झालेल्या चाचणीचे निकाल आले. स्ट्रोकला तीन ते नऊ महिने झालेल्या या लोकांच्या हातात फरक पडला आणि वर्षभराने पाहिलं तेव्हाही तो टिकून होता.

हे वाचून मी दुसऱ्याच दिवशी फिजिओला लिंक पाठवली. (आपल्याला लिंक पाठवायची भारी हौस.) तिने शांतपणे सांगितलं की त्यासाठी मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उघडायला लागतात. बाबांची तेव्हा उघडत नव्हती. अशा हाताला बांधून घातलं तर फक्त चिडचिड होते. तोवर तिने आरसा आणायला लावला. टेबलावर आरसा उभा करायचा, उजवा हात त्याच्या मागे लपवायचा आणि डावा हात हलवत आरशात बघायचं. बघणाऱ्याला वाटतं, उजवाच हलतोय. विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हात कापलेल्या पेशंट्सच्या 'नसलेल्या' हाताच्या दुखण्यासाठी ही युक्ती वापरली होती, नंतर ती स्ट्रोकसाठीही आली. एकदम साधी, स्वस्त आणि मस्त. आईच्या ड्रेसिंग टेबलचा आरसा काढून घेतला तेवढीच काय ती किंमत.

मग सुरू झालं मोजणं. माझं मुख्य काम तेच. आठ इंचांवर ठेवलेला रिकामा कप बाबांनी पुढे ढकलायचा, परत ओढायचा. मी मोजायचं. दहा झाले की ते थांबायचे आणि माझ्याकडे असे बघायचे, जणू मी त्यांची बॉस आहे. मग मी नाटकातल्या प्रेक्षकासारखी ओरडायचे, "वन्स मोअर!" पहिल्या दिवशी ते हसले. चाळिसाव्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने कप माझ्या अंगावर फेकला. फिजिओला कळवलं तर म्हणाली, "नेम कसा होता?"

हे मोजणं वेडेपणाचं वाटतं, पण सगळा फंडा इथेच आहे. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. शेजारचे, दुसरे भाग ते काम उचलायला शिकतात, आणि त्यांना शिकवायचं तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करावी लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले ते दिवसाला शेकडो वेळा तीच हालचाल केल्यावर. आणि माणसांचं काय? अमेरिका आणि कॅनडातल्या सेंटर्समध्ये कोणीतरी खरंच बसून मोजलं, तीनशेच्या वर सेशन्स. २००९ साली ते छापून आलं. हाताने खरंखुरं काम करायचा सराव एका सेशनमध्ये सरासरी किती वेळा? ३२! तेही सगळ्या सेशन्समध्ये नाही, निम्म्याच. तिथे ही कथा, तर आठवड्यातून तीनदा पाऊण तास येणाऱ्या फिजिओवर सगळं सोडून कसं चालेल? ती शिकवून जाते. उरलेल्या दिवसभरात 'वन्स मोअर' म्हणायला घरचंच माणूस लागतं.

जास्त म्हणजे चांगलंच, असंही नाही हं. २०१५ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. पाच देश, दोन हजारांवर पेशंट्स. स्ट्रोकनंतर २४ तासांच्या आतच जोरात उठवणं-चालवणं सुरू केलं त्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती थोडी वाईटच निघाली. सगळ्यांना उलटं वाटत होतं. पहिल्या दिवसांत बेतानं, मग भरपूर, असा काहीसा हिशोब आहे, आणि तो प्रत्येकाचा वेगळा.

घरगुती शहाणपणाचे दोन फटके मात्र आम्हाला बसलेच. भेटायला आलेल्या प्रत्येकाने रबरी चेंडू दाबायला सांगितलं. चार चेंडू जमले घरात! फिजिओने चारही उचलून सॅकमध्ये टाकले. बाबांचा हात आता लुळा राहिला नव्हता, उलट मूठ आपोआप घट्ट मिटायला लागली होती. ज्याला उघडायला शिकवायचं त्याला मिटायचा सराव कशाला? दुसरा फटका जास्त वाईट. चुलतभाऊ आला आणि प्रेमाने बाबांचा उजवा हात ओढून त्यांना सोफ्यावरून उठवलं. स्ट्रोकनंतर खांद्याचे स्नायू सैल पडतात, सांधा फक्त लोंबकळत असतो. त्या एका ओढीने तीन आठवडे खांदा दुखला आणि तीन आठवडे हाताचे व्यायाम अर्ध्यावर आले. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर एवढं नक्की सांगा, दुबळा हात धरून ओढायचं नाही. कमरेला आधार द्या.

दोन महिन्यांनंतर आम्ही बाबांना रिक्षाने सेंटरला न्यायला लागलो. खुर्चीत बसवून दोघांनी खाली उतरवायचं, पुन्हा वर आणायचं. तिथल्या हॉलमध्ये मला न्यूरो फिजिओ खरं कळलं, कारण तिथे प्रत्येकाचं गणित निराळं. पार्किन्सन्सचे एक आजोबा दाराशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकायचे. कितीही ढकला, पाऊल उचलत नाही. मग फिजिओंनी फरशीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या. आजोबा पट्टी ओलांडत टकाटक चालायला लागले! पार्किन्सन्समध्ये मेंदूतली आपोआप चालण्याची यंत्रणा बिघडते. पण समोर ओलांडायला काही दिसलं, किंवा कानावर ताल पडला, की मेंदू दुसऱ्या वाटेने काम काढून घेतो. म्हणून असे लोक सपाट जमिनीवर अडतात आणि जिना चढून जातात. त्यांच्या सूनबाईंनी घरी बाथरूमच्या दारापर्यंत तशाच पट्ट्या लावून टाकल्यात.

आणि एक मुलगा. आयटीतला, माझ्याहून लहान. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या भागात गुइलेन-बॅरेची साथ आली होती, आठवत असेल. दूषित पाण्यामुळे पोट बिघडलं आणि नंतर पाय गेले असे कितीतरी जण. हा त्यातलाच, व्हेंटिलेटरवर जाऊन आलेला. त्याचा मेंदू शाबूत, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने नसांवर हल्ला केलेला. नस परत वाढायला लागली तर वाढते दिवसाला एखादा मिलिमीटर. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजा आणि भागाकार करा! त्याला मात्र 'वन्स मोअर' चालत नव्हतं. दमेपर्यंत व्यायाम केला की दुसऱ्या दिवशी अंगातली होती ती ताकदही जायची. त्याची फिजिओ त्याला थांबवायची आणि आमची बाबांना थांबू द्यायची नाही. दोघं एकमेकांकडे बघून चिडायचे. नंतर त्यांची दोस्ती झाली.

पैशाचं बोलायलाच हवं, कारण तुम्ही-आम्हीच ते भरणार आहोत. घरी येणाऱ्या फिजिओचे आम्ही एका वेळचे सहाशे रुपये देतो. महिन्याचे किती ते तुमचं तुम्ही मोजा, आणि हे महिने दोन-चार नसतात. मेडिक्लेममध्ये हॉस्पिटलचा खर्च बसतो, पण डिस्चार्जनंतरचे बहुतेकदा ६० किंवा ९० दिवसच धरतात. मेंदूची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगात होते, सहा महिन्यांनंतर मंदावते, पण थांबत नाही. पॉलिसी मात्र थांबते. मी फ्रीलान्सर, माझे चेक तसेही पुढच्या ऋतूत येतात. फिजिओथेरपी कॉलेजांच्या आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांच्या ओपीडीत बरंच स्वस्तात होतं, तिथे अनुभवी लोकही असतात. मुंबईकरांसाठी हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. तेव्हा पोलिओ हा मोठा प्रश्न होता. पोलिओ गेला. तो शेवटचा पेशंट आपल्या देशात २०११ मध्ये सापडला. स्ट्रोकवाले वाढले.

चौथ्या महिन्यात बाबांनी सगळं बंद केलं. भिंतीकडे तोंड करून झोपायचे. अकरा दिवस एकही कप ढकलला नाही. आईला वाटलं कंटाळले, काकांना वाटलं आळस. फिजिओ म्हणाली, डॉक्टरांना सांगा, हे डिप्रेशन असू शकतं. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला ते येतं आणि त्यावर औषध असतं. गोळ्या सुरू झाल्या. त्या अकरा दिवसांत मला बँकेच्या कागदपत्रांसाठी त्यांच्या सहीची गरज होती. "अंगठा लावा बाबा, चालतो," मी म्हटलं. ते उठून बसले. चौतीस वर्षं त्यांनी काउंटरपलीकडून लोकांचे अंगठे घेतले होते.

"अंगठा नाही," ते म्हणाले. पूर्ण वाक्य, न अडखळता.

तेव्हापासून पेन आहे. फोम गुंडाळून जाड केलेलं. मनगट आता थोडं उचलतं, अंगठा आणि दोन बोटं उघडतात, आणि मोज्याचा तो अमेरिकन उपचार थोड्या सौम्य रूपात दिवसातून तीन तास चालू आहे. वहीच्या पानावर सह्या. पहिल्या पंधरा दिवसांच्या सह्या ईसीजीसारख्या दिसतात. हल्ली आडनावाचं पहिलं अक्षर वाचता येतं.

पायऱ्यांचं म्हणाल, तर उतरणं जमलंय. उतरताना दुबळा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी, हे आमच्या घरात आता शुभंकरोतीसारखं पाठ आहे. अडचण कठड्याची आहे. कठडा एकाच बाजूला. उतरताना तो डाव्या, धडधाकट हाताला येतो. चढताना उजव्या हाताला. म्हणजे बाबा अमृततुल्यपर्यंत जाऊ शकतात, परत येऊ शकत नाहीत! भिंतीच्या बाजूने दुसरा कठडा लावायला सोसायटीची परवानगी हवी. खर्च आम्ही करतोय, तरी पहिल्या मजल्यावरच्यांचं म्हणणं आहे की जिना अरुंद होईल आणि कपाट चढवताना पंचाईत होईल. कपाट ते वर्षातून किती वेळा चढवतात, हे मी विचारणार आहे.

रविवारी मीटिंग आहे. अर्ज टाइप करून ठेवलाय. फ्लॅट बाबांच्या नावावर, त्यामुळे सहीही त्यांचीच लागणार. आई म्हणते, डाव्या हाताने पटकन करून टाका, ती तरी नीट येते. बाबांनी अर्ज उशीखाली ठेवलाय आणि शनिवार रात्रीपर्यंत मुदत मागितली आहे.